पाळणा, नॉब चारवर

५ फेब्रु., गुरुवार. देवास

आज भजन आपल्याकडे. बायका अकरा. मंडळाचं रेकॉर्डिंगचं मशीन माझ्याच कपाटात असतं (हिशेब माझ्याकडे, म्हणून मशीनही माझ्याकडे). आज चौथ्यांदा लावलं, चौथ्यांदा आवाज फाटला. रामरक्षा छान आली. झांजा सुरू झाल्या की पत्र्यावर कोणी वाळू ओततंय असं. नॉब सातवर होता. हिशेबाच्या वहीत मागच्या बाजूने तीन रकाने पाडले. नॉब, काय वाजलं, कसं आलं. लिहिल्याशिवाय मला काही कळत नाही.

संध्याकाळी धारहून दिनूभावजींचा फोन. ह्यांचे चुलतभाऊ, रामाचं देऊळ तेच सांभाळतात. आत्यांना इंदूरला दाखवलं. स्वरतंतूवर गाठ आहे. डॉक्टर म्हणाले लगेच काढू. आत्या म्हणाल्या, रामजन्म झाल्यावर. नंतर आवाज येईल का विचारलं तर डॉक्टर म्हणाले, बोलता येईल, गाण्याचं मी सांगत नाही.

ह्यांनी फोन ठेवला. मग म्हणाले, "पाळण्याचं काय?"

६ फेब्रु., शुक्रवार

सकाळपासून तेच डोक्यात. लिहून काढते.

पाळणा ह्यांच्या पणजोबांचा. सोळा कडवी. रामनवमीला बाराला जन्म झाला की लगेच, वर्षातून तेवढाच एकदा. शब्द धारच्या देव्हाऱ्यातल्या वहीत आहेत. चाल फक्त आत्यांच्या गळ्यात. ह्यांच्या सख्ख्या आत्या, आता एकोणऐंशीच्या. नवव्या वर्षी आजोबांच्या मांडीवर शिकल्या. प्रत्येक कडव्याचं वळण वेगळं, दोघीतिघींनी शिकायला घेतलं आणि सोडलं. मीही. मला सूर नाही, ते मला माहीत आहे.

आजवर तीन वर्षं फोनवर घेतलं. पहिल्या वर्षी फोन घंटेखाली, सगळं फाटलं. दुसऱ्या वर्षी फोन लांब ठेवला, पाळण्यापेक्षा पंखा मोठा. गेल्या वर्षी शंख वाजला आणि त्यानंतर फोन जणू बहिरा झाला. पहिली दोन कडवी ऐकूच येत नाहीत, तिसऱ्यापासून हळूहळू आवाज वर येतो. तोपर्यंत राम अर्धा झोपलेला.

मतलब आता एकच वेळ उरली. २६ मार्च, दुपारी बारा.

मी म्हटलं, मी घेते. हे म्हणाले, "तू? एटीएमला अजून मला पुढे उभं करतेस." म्हटलं, एटीएमच्या मशीनबरोबर पुस्तक येत नाही, ह्याच्याबरोबर आलंय. आणि ते मी वाचलंय, चष्मा लावून, दोनदा.

८ फेब्रु., रविवार

मुन्ना भियाकडे गेले. साउंडवाला, लग्नाच्या वराती नि आपल्या मंडळाचे माइक तोच लावतो. दुकानात चार स्पीकर उघडे पडलेले. त्याला फाटलेली झांज ऐकवली. तो हसला नाही, त्यामुळे बरं वाटलं.

म्हणाला, "भाभीजी, आपने रामरक्षा पे नॉब सेट किया, और बजा दी झांज. धीमी चीज़ पे नापोगे तो ऊँची चीज़ फटेगी ही."

मशीनवरची पट्टी दाखवली. वरचं टोक शून्य. शून्याला टेकलं की लाल दिवा, लाल म्हणजे फाटलं. सगळ्यात मोठा आवाज उणे सहाच्या वर जाऊ द्यायचा नाही, रोजचं गाणं उणे अठराच्या आसपास. मी म्हटलं, एवढं खाली ठेवलं तर मंद येईल. म्हणाला, "मंद आया तो मैं बढ़ा दूँगा. फटा आया तो मेरे पास कोई सुई-धागा नहीं."

वहीत चौथा रकाना पाडला: उणे किती.

१२ फेब्रु., गुरुवार

भजन कुळकर्णीबाईंकडे. नॉब चार. झांज उणे सात. लाल एकदाही नाही. मनात म्हटलं जमलं.

घरी आल्यावर ऐकलं. झांज ठीक. पण झांज थांबली की कुळकर्णीबाई एकदम विहिरीत उतरल्यासारख्या, मग दोन ओळींनी वर येतात. मधे कोणी गात नसेल तेव्हा पंख्याचा आवाज फुगत जातो. गेल्या वर्षीच्या पाळण्यासारखंच हुबेहूब.

मुन्ना भियाला फोन केला. म्हणाला, "ऑटो चालू होगा. मशीन खुद समझदारी कर रही है. ज़ोर का आया तो सब दबा दिया, चुप्पी आई तो सब उठा दिया. उसकी समझदारी बंद करो."

पुस्तकात पान एकतीस. ऑटो बंद केलं. त्या बटणावर चिकटपट्टी लावून वर लिहिलं: हात लावू नये. ह्यांनी विचारलं, कोणासाठी? म्हटलं, माझ्यासाठी.

म्हणजे गेल्या वर्षीचा शंख फोनने असाच गिळला आणि पाळणाही. फोनला काय बोल लावायचा.

२१ फेब्रु., शनिवार. धार

सकाळच्या बसने दोघं आलो. आत्या हडकल्या आहेत. बोलताना आवाज घोगरा, मधेच तुटतो. तरी ओटीवर बसून आल्यागेल्याला नावं ठेवणं चालू.

मशीन काढलं, म्हटलं आत्या, पाळण्याचं पहिलं कडवं म्हणा, लेव्हल बघते.

"जन्माआधी?"

म्हटलं, नुसतं मापायला.

"शालू, बाळ जन्मायच्या आधी कोणी पाळणा म्हणतं का? तुझ्या माहेरी म्हणत असतील."

माझ्या माहेरीही म्हणत नाहीत. मग विचारलं, नवमीला चुकलं तर दशमीला पुन्हा म्हणाल? म्हणाल्या, "राम रोज जन्मतो?"

दुसरं काहीतरी गा म्हटलं तर आरती म्हणाल्या, ती पण पुटपुटल्यासारखी. देवाचं नाव मशीनच्या तपासणीला मोठ्याने घेववत नाही म्हणाल्या. उणे चाळीस. ह्या मापावर नॉब ठेवला तर नवमीला काय होईल ते मला आता कळतं.

हे म्हणाले, आत्या पाळणा सुरू करते ती अगदी हळू, बाळाला जाग येऊ नये म्हणून, आणि बाराव्या कडव्याला नाव ठेवतात तिथे देऊळ भरतं. म्हणजे एकाच गाण्यात तळ आणि माथा. आणि मला दोन्ही आधी ऐकता येणार नाहीत.

२२ फेब्रु., रविवार. धार

आज काम झालं, पण ठरवून नाही.

गच्चीवर आत्या नि मी पापड वाळत घालत होतो. मी मशीन चालू करून कठड्यावर ठेवलं होतं, बोलणं तरी मापावं म्हणून. नॉब पाच, चार हातांवर. किल्ल्याच्या बाजूने माकडं आली, एक थेट पापडांच्या चादरीवर. आत्या उभ्या राहिल्या आणि अशी हाक ठोकली की खालच्या गल्लीतला सायकलवाला थांबून वर बघायला लागला. माकड गेलं. एक पापड घेऊन गेलं.

पट्टीवर बघितलं तर शून्य. लाल.

गाठ आहे म्हणतात त्या गळ्यातून. म्हणजे बारावं कडवं साधारण एवढंच, ह्याहून वर जायचं नाही. वहीत लिहिलं: आ., माकड, नॉब ५, चार हात, फाटलं.

आत्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "माकडाला ओरडले ते मोजलंस? माणसं काय कमी आहेत धारमध्ये."

डॉक्टरांनी ओरडायला मना केलंय हे त्यांना नंतर आठवलं. संध्याकाळी मिठाच्या गुळण्या.

५ मार्च, गुरुवार. देवास

होळी झाली. आज गल्लीतल्या दत्ताच्या देवळात बाहेरच्या गवयाचं गाणं, साउंड मुन्ना भियाचं. म्हणाला, तुमचं मशीन माझ्या मिक्सरला जोडून बघा, सरळ आवाज मिळेल. दिनूभावजीही नवमीला तसंच करू म्हणतात, त्यांना भोंगाही लावायचाय.

जोडलं. पट्टी उणे पंधराच्या वर गेली नाही. मी निश्चिंत. दोन तास हार करत बसले.

घरी ऐकलं तर वरचे सूर फाटलेले. पट्टी खाली, लाल नाही, तरी फाटलेलं. आणि तबला तर जवळजवळ नाहीच, गवई एकटाच बंद खोलीत बसून गातोय असं.

सकाळी मुन्ना भियाने ऐकलं. जरा ओशाळला. "गलती मेरी. लोगों ने पीछे से बोला सुनाई नहीं दे रहा, मैंने ऊपर कर दिया. मेरे मिक्सर में ही लाल हो गया था. आपकी मशीन तक फटा हुआ ही पहुँचा." तबल्याचं विचारलं. म्हणाला, छोट्या देवळात तबला तसाच ऐकू येतो, त्याला माइक कमी दिला होता, जे माइकमध्ये नाही ते मिक्सरमध्ये नाही.

म्हणजे आपली पट्टी ठीक आहे एवढ्याने भागत नाही. ठरवलं. नवमीला भोंग्यातून काही घ्यायचं नाही. माइक आपला, पाळण्याशी. भोंगा दिनूभावजींना लावायचा तर लावोत, बाहेर.

(ही नोंद शुक्रवारी पुरी केली.)

८ मार्च, रविवार

रंगपंचमी. मशीन दोन पिशव्यांत घालून गव्हाच्या कोठीत ठेवलं. गेर, रंगाची मिरवणूक, गेली तेव्हा हे ओळखूच आले नाहीत.

१९ मार्च, गुरुवार

पाडवा. गुढी, श्रीखंड, नवं पंचांग. मुन्ना भिया स्वतः येऊन त्याचा चांगला माइक आणि लांब वायर देऊन गेला. विचारलं किती द्यायचे, म्हणाला, "रामजी के काम का क्या लेना. बस आवाज़ मुझे पहले सुनाना."

जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाला, "एक बात. गाना चालू हो गया तो नॉब को हाथ नहीं. चाहे कुछ भी हो. आपका हाथ बीच में बोलेगा तो बाद में मैं भी ठीक नहीं कर पाऊँगा."

२४ मार्च, मंगळवार. धार

काल आलो. देवळात रोज उत्सव चालू.

जागा बघितली. आत्या गाभाऱ्याच्या उंबऱ्याच्या आत, पाळण्याच्या उजव्या अंगाला, सोवळ्यात बसतात. घंटा त्यांच्यापासून पाच हात. माइक उंबऱ्याबाहेर ठेवला तर आत्यांपासून चार हात आणि घंटेपासून एक. पट्टीवर घंटा माथ्याला, आत्या खाली पंख्याच्या बरोबरीने.

माइक आत हवा, आत्यांच्या हाताएवढ्या अंतरावर. पण त्याला सगळ्यांचे हात लागलेले, वरात आणि काय काय. दिनूभावजी म्हणाले, वहिनी, सोवळ्याच्या आत हे आणू नका, आत्या उठून जाईल. मी म्हटलं, विचारू तरी.

आत्यांनी माइक लांबूनच बघितला. "ह्यावर हे काळं काय आहे? स्पंज? काढ ते." काढलं. "आता लोखंड आहे ना? धातू धुतला की झालं." म्हटलं, धुतला की बिघडेल आत्या. ओल्या फडक्याने पुसते. "मग वरून रेशीम घाल. रेशमाला विटाळ नाही."

पेटीतून त्यांनीच जुन्या मुकट्याचा तुकडा काढून दिला, पिवळा, विरलेला. त्यात गुंडाळून दोऱ्याने बांधला. लहान बाळाला टोपडं घातल्यासारखा दिसायला लागला. मुन्ना भियाला फोनवर विचारलं, रेशमातून आवाज जाईल का. तो म्हणाला, "पतला है तो जाएगा. और पंखे की हवा भी रुकेगी. स्पंज का ही काम है." मग हसत बसला.

२५ मार्च, बुधवार. अष्टमी

आज बाराच्या आरतीला पाळणा नसतो पण शंख, घंटा, झांजा, सगळं उद्यासारखंच. तालीम केली.

नॉब ५: शंख शून्य, लाल.
नॉब ४: शंख उणे ४, घंटा उणे ९, दिनूभावजींची झांज उणे ५. ते झांज वाजवत नाहीत, भांडतात तिच्याशी.
नॉब ३: सगळं खाली, आत्यांचं बोलणं दिसतच नाही.

दिनूभावजींना उंबऱ्यापासून खांबाच्या पलीकडे उभं राहा म्हटलं. "वहिनी, तीस वर्षं मी इथे उभा राहतो." म्हटलं, उद्या एक दिवस तिथे राहा. आत्या आतून म्हणाल्या, "दिन्या, ती सांगते ते कर. तुझी झांज पाळण्याच्या वर येते हे मी वीस वर्षं म्हणतेय." गेले खांबापलीकडे. उणे ११.

नॉब ४ नक्की. माकडाचं माप धरून हिशेब केला. पाच नॉबला चार हातांवर शून्य होतं, आता नॉब एक कमी पण माइक हाताभरावर. जवळ आल्याने वाढणार, नॉबने कमी होणार. बारावं कडवं काठावर जाईल. माइक सरळ तोंडासमोर नको, जरा बाजूला, छातीच्या उंचीला, मुन्ना भियाने सांगितलं तसं.

मागे ह्यांचा फोन, नुसता आधाराला, खिडकीत, लांब.

रात्री उपास मनात धरला.

२६ मार्च, गुरुवार. रामनवमी

लिहिते, सगळं क्रमाने.

अकरा वाजता मशीन लावलं, मोकळ्या कार्डात. ऑटो बंद. चिकटपट्टी बघितली. नॉब चार. दहा मिनिटं घेऊन ऐकून बघितलं, येतंय. पुन्हा चालू. मशीन मांडीवर घेऊन उंबऱ्याबाहेर बसले. देऊळ भरलं. भोंगा बाहेर पिंपळाला.

कीर्तनकारबुवा जन्मावर आले. बारा. गुलाल, फुलं, शंख, घंटा, फटाके (फटाक्यांचं मी धरलंच नव्हतं). उणे दोन. शून्य नाही.

मग एकदम शांत. दिनूभावजींच्या सौंनी पाळण्याची दोरी हातात घेतली. आत्यांनी सुरू केलं.

एवढं हळू की पट्टी जेमतेम हलत होती. उणे पस्तीस, अडतीस. मला वाटलं गेलं, हेही वर्ष गेलं. हात नॉबवर गेला. खरंच गेला, बोटं टेकली. मुन्ना भियाचं आठवून काढला. पुन्हा गेला. तेव्हा पदर घेतला आणि दोन्ही हात पदरात गुंडाळून बसले. बघणाऱ्यांना वाटलं असेल भक्ती.

पाचव्यापासून आवाज चढला. आठव्याच्या शेवटी आत्यांना खोकला आला. दोनदा. मागून कोणी पाणी पुढे केलं, त्यांनी हातानेच नको म्हटलं. नववं म्हटलं. दहावं, अकरावं. बाराव्याला नाव ठेवलं तेव्हा तो गच्चीवरचा आवाज, पण गोड. उणे तीन.

सोळा पुरी झाली. सुंठवडा वाटला. आत्या उठल्या त्या भिंतीला धरून.

खोलीत जाऊन हेडफोन कानाला लावून ऐकलं. सगळं आहे. मंद आहे पण फाटकं कुठे नाही. पहिलं कडवंही आहे, दोरीची कुरकुरसुद्धा.

आत्यांना म्हटलं ऐकता? म्हणाल्या, "ज्याला ऐकवायचं त्याने ऐकलं." आणि झोपल्या.

२८ मार्च, शनिवार. देवास

मुन्ना भियाने कानाला लावून सगळा पाळणा ऐकला. मधे गिऱ्हाईक आलं त्याला हातानेच थांबवलं. म्हणाला, "भाभीजी, इसमें साँस भी आई है." सुरुवातीची कडवी त्याने वर केली, फटाके थोडे खाली. दोन प्रती केल्या, एक माझ्याकडे, एक त्याच्या मशीनवर. मूळ कार्ड वेगळं काढून देव्हाऱ्याच्या खणात ठेवलं.

ह्यांनी तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा उठून बाहेर गेले.

३१ मार्च, मंगळवार. इंदूर

ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, श्रीरामाची कृपा. बारा-तेरा दिवस बिल्कुल बोलायचं नाही, खाकरायचं नाही, कुजबुजायचंही नाही. कुजबुज जास्त वाईट म्हणे. आत्यांना मुलांची पाटी आणून दिली. पहिलं वाक्य: "चहात साखर कमी आहे."

४ एप्रिल, शनिवार. इंदूर

माझी पाळी आत्यांजवळ बसायची. कंटाळल्या होत्या. पाटीवर लिहिलं, "आण ते." मशीन पिशवीत होतंच. कानाला लावून दिलं.

डोळे मिटून ऐकत होत्या. बोटं गादीवर चालत होती. मला बरं वाटत होतं. मग बोटं थांबली. खूण केली, मागे घे. घेतलं. पुन्हा मागे. तीन वेळा तेवढीच जागा.

हेडफोन काढून पाटीवर लिहिलं, "नववं चुकलं."

म्हटलं, कुठे चुकलं? मला तर काही.

"खोकल्यानंतर. दहाव्याचं वळण नवव्याला लागलं. खाली गेले. वर जायचं होतं."

म्हटलं, आत्या, कोणालाही कळणार नाही.

पाटी पुसली. लिहिलं, "म्हणूनच. पूस."

५ एप्रिल, रविवार. इंदूर

काल रात्रभर तेच. सकाळी त्यांनी पुन्हा लिहून दाखवलं, "पुसलंस?" मी म्हटलं, मूळ कार्ड देवासला आहे.

त्यांचं म्हणणं असं (पाटी सात वेळा पुसून): जुन्या फाटक्या रेकॉर्डिंगवरून कोणी शिकणार नव्हतं. ह्याच्यावरून शिकतील. साफ आहे म्हणून खरं मानतील. मग नववं कडवं कायमचं तसंच होईल आणि आजोबांचं जाईल.

एवढे दिवस मी फाटू नये एवढंच बघत होते.

म्हटलं, तर मग बरोबर वळण सांगा, लिहून ठेवते. पाटीवर बोटाने रेघ काढली, वर, मग आत वळून, मग पुन्हा वर. मी गुणगुणले. मान हलवली, नाही. पुन्हा. नाही. चौथ्यांदा त्यांना हसू आलं, आणि हसायचीही मनाई आहे म्हणून तोंडावर हात. मला सूर नाही हे मी आधीच लिहिलंय.

६ एप्रिल, सोमवार. देवास

घरी आले. हे म्हणतात पुसायचं नाव काढू नको, एका कडव्यासाठी पंधरा घालवणार का. दिनूभावजी फोनवर म्हणाले, आत्याचा शब्द देवळात आजवर कोणी मोडला नाही, पण हे पुसू नका. दोघांनीही पुसायचं काम माझंच धरलंय, न पुसायचंही.

देव्हाऱ्याचा खण उघडला, कार्ड हातात घेतलं, परत ठेवलं. कार्डाच्या कागदावर लिहिलं: नववं कडवं चुकीचं, आत्यांनी सांगितलं. पण कागद कार्डापासून वेगळा झाला की झालं.

९ एप्रिल, गुरुवार

भजन होतं. मशीन लावलं नाही. बायकांनी विचारलं, म्हटलं सेल संपलेत. खोटं बोलले, गुरुवारी.

मुन्ना भियाकडे गेले. त्याला सगळं सांगितलं. त्याची प्रत पूस असं सांगायला गेले होते की ठेव सांगायला, ते दुकानापर्यंत मला ठरवता आलं नव्हतं. तो म्हणाला, "नौवाँ काट के अलग कर दूँ? वहाँ चुप्पी छोड़ दूँ?" म्हणजे आठ, मग काही नाही, मग दहा. तेही डोळ्यांपुढे आणून बघितलं. बाळ पाळण्यात आणि मधेच सगळे गप्प.

म्हटलं, थांब. आत्यांचा आवाज काय होतो ते बघू. आला तर पुढच्या नवमीला पुन्हा घेऊ, नॉब चार, माइक तोच. तो म्हणाला, "और नहीं आई तो?" मी पिशवी उचलली.

१३ एप्रिल, सोमवार. इंदूर

सकाळी हे नि मी दवाखान्यात. दिनूभावजी आत्यांना घेऊन धारहून आले होते. डॉक्टरांनी दुर्बिणीने आत बघितलं, जखम भरली म्हणाले. आजपासून दिवसाला पाच मिनिटं बोलायचं, सावकाश. गाणं तीन महिने नाही. तीन महिन्यांनी? "तब देखेंगे, माताजी."

बाहेर बाकावर बसलो. हे नि भावजी औषधं आणायला गेले. आत्यांनी पाटी माझ्याकडे दिली, म्हणजे आता लागणार नाही. घसा खाकरायला गेल्या, आठवलं, थांबल्या. मग बोलल्या. आवाज मी ओळखला नसता. जाड, आणि मधे वारा.

"पुसलंस?"

म्हटलं, नाही आत्या.

माझ्याकडे बघत राहिल्या. मी खाली बघितलं. म्हटलं, तुम्ही पुढच्या रामनवमीला नववं म्हणा, त्याच दिवशी तुमच्यासमोर पुसते. मूळ आणि प्रत, दोन्ही. मुन्ना भियाकडे एक आहे, तीही. हे त्यांना आज पहिल्यांदा सांगितलं.

"आणि मला म्हणता आलंच नाही तर?"

समोर एक बाई मुलाला सफरचंद कापून देत होती, आत्या तिकडे बघत होत्या.

"तर मग शालू, तूच ठरव," म्हणाल्या. "मला विचारू नको."

मग हे आले, औषधांचं बिल माझ्या हातात दिलं. आत्यांची पाच मिनिटं व्हायची होती पण त्यांनी पाटी परत मागून घेतली.